दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत सुटला: पन्नासाव्या चालीला नेमके काय चुकले?

कृष्णाकाठ, सांगली (प्रश्न)

सर्व बुद्धिबळप्रेमींना नमस्कार.

गेल्या रविवारी सांगलीतील एका खुल्या स्पर्धेच्या सहाव्या आणि शेवटच्या फेरीत मी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेला डाव बरोबरीत सुटला. तेव्हापासून तो माझ्या मनातून जात नाही. मी क्लब पातळीवरचा खेळाडू आहे. माझे एलो मानांकन पंधराशेच्या आसपास आहे आणि प्रतिस्पर्ध्यांचेही जवळपास तेवढेच. ते मिरजेचे आहेत, वयाने सत्तरीच्या पुढचे, आणि मी त्यांना काका म्हणतो. वेळेची अट प्रत्येकी ९० मिनिटे आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर, अशी होती.

सुरुवातीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. वजिराच्या बाजूचा नेहमीचा डाव झाला, तिसाव्या चालीच्या सुमारास वजीर आणि हलकी मोहरी, म्हणजे उंट-घोडे, संपली आणि मला ए स्तंभावर मोकळे, म्हणजे पुढे काळ्या प्याद्याचा अडसर नसलेले, प्यादे मिळाले. ते पुढे नेताना माझा हत्ती त्याच्या समोर, म्हणजे ए८ वर गेला आणि काकांचा हत्ती त्याच्या मागे आला. एकोणपन्नासाव्या चालीपूर्वीची स्थिती अशी होती.

पांढरा: राजा एच३, हत्ती ए८, प्यादी ए७, एफ३, जी३.
काळा: राजा जी७, हत्ती ए२, प्यादे एच५.
चाल पांढऱ्याची.

मी प्यादे जी४ वर ढकलले. काकांनी एच प्याद्याने ते मारले आणि माझ्या राजाला शह बसला. आता जी४ वरचे प्यादे राजाने मारायचे की एफ प्याद्याने, एवढाच निर्णय होता. माझ्या घड्याळात चार मिनिटे उरली होती. राजाने मारले तर तो उघड्यावर येईल आणि काकांचा हत्ती शहांची सरबत्ती करील, असे वाटून मी एफ प्याद्याने मारले. दोन्ही बाजूंनी हिशेब सारखाच होता, कारण काहीही केले तरी माझी दोन प्यादी उरत होती आणि त्यांचे एकही उरत नव्हते.

त्यानंतर मी पंधरा चाली प्रयत्न केला. चौपन्नाव्या चालीला प्यादे जी५ पर्यंत नेले, राजा वजिराच्या बाजूला फिरवून आणला, पण काहीच हाती लागले नाही. पासष्टाव्या चालीला काकांनी चाल पटावर न करता नोंदपत्रकावर लिहिली, घड्याळ थांबवले आणि पंचांना बोलावून सांगितले की हीच स्थिती तिसऱ्यांदा येत आहे. मी हरकत घेतली, कारण ती स्थिती लागोपाठ आलेली नव्हती, मधे दुसऱ्या चाली झाल्या होत्या. पंचांनी दोघांची पत्रके तपासली आणि डाव बरोबरीत सुटल्याचे जाहीर केले. निर्णय मी मान्य केला आणि त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. नियम मात्र नीट समजून घ्यायचा आहे.

आपल्याकडे भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या माणसांनी कित्येक मुलांना पटासमोर बसवले आणि स्वाती घाटे यांच्यासारखी महिला ग्रँडमास्टर याच सांगलीची. अशा गावात डाव संपल्यावर भोवती जमलेल्या प्रत्येकाला मत असणे स्वाभाविकच आहे. "दोन प्यादी वर असताना डाव सोडलास कसा?" हे मी त्या संध्याकाळी निदान सात जणांकडून ऐकले. मी डाव सोडला नव्हता, मला तो जिंकता आला नाही. म्हणून जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. पन्नासाव्या चालीला राजाने मारले असते तर खरोखर विजय होता का? दोन प्यादी जास्त असूनही शेवटची स्थिती बरोबरीची का? आणि लागोपाठ न आलेल्या स्थितीवर दावा कसा करता येतो?

सातवी ओळ, सांगली

आपण स्थिती स्वच्छ लिहिल्यामुळे पट मांडून पाहता आली. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. पन्नासाव्या चालीला राजाने जी४ वरचे प्यादे मारले असते तर डाव जिंकलेला होता, आणि एफ प्याद्याने मारताच तो बरोबरीचा झाला. एकोणपन्नासावी चाल चुकीची नव्हती, चूक फक्त पुढच्या एका चालीत झाली. आपल्याला दोन्हीकडे प्याद्यांची संख्या सारखी दिसली, आणि ती सारखी होतीही. मात्र या प्रकारच्या स्थितीत किती प्यादी उरतात यापेक्षा कोणत्या स्तंभावरचे प्यादे उरते, यावर सगळे ठरते.

आधी आपला दुसरा प्रश्न घेतो, कारण त्यातूनच पहिल्याचे उत्तर निघते. आपले प्यादे ए७ वर आणि हत्ती त्याच्या समोर ए८ वर आहे. आपला हत्ती शह न देता तिथून हलला की काळा ए७ वरचे प्यादे मारतो, म्हणून आपला हत्ती जणू कोनाड्यात अडकलेला असतो. काळ्याचा हत्तीही ए स्तंभाला बांधलेला असतो, कारण तो स्तंभ सोडून गेला की आपला हत्ती बाजूला होतो आणि प्याद्याचा वजीर होतो. काळ्याचा राजा तर याहून जास्त अडकलेला असतो. त्याला जी७ आणि एच७ ही दोनच घरे सुरक्षित आहेत. तो सहाव्या ओळीवर आला तर आपला हत्ती आठव्या ओळीवरून शह देतो आणि लगेच प्यादे वजीर होते. तो एफ७ वर आला तर आपला हत्ती सरळ एच८ वर जातो, काळ्याने ए७ वरचे प्यादे मारले की एच७ वरून शह बसतो, आणि त्याच ओळीवरचा काळा हत्ती आपल्याला मिळतो.

मग आपला राजा बी७ पर्यंत चालत नेऊन हत्तीला मोकळे का करता येत नाही? कारण त्या राजाला लपायला जागा नाही. प्यादे ए७ वर असल्याने ते घर भरलेले आहे. काळ्याचा हत्ती बी स्तंभावरून शह देतो आणि राजा दूर गेला की पुन्हा ए स्तंभावर परततो. आपण वजिराच्या बाजूला राजा फिरवून आणलात तेव्हा हेच झाले असणार.

आता उरलेल्या दुसऱ्या प्याद्याचा विचार करू. ते जी स्तंभावर असेल तर आपण ते जी६ पर्यंत नेऊ शकतो, पण काळा राजा जी७ वर निवांत बसून राहतो. त्याने ते मारू नये, कारण मारले की जी८ वरून शह बसेल. न मारता तो हत्तीच्या चाली करत राहिला तर आपल्याला त्याला हलवता येत नाही. प्यादे एच स्तंभावरचे असेल तर एच६ वर ते शह देईल, राजा एच७ वर सरकेल आणि तिथेच राहील. पुढे काही नाही. प्यादे एफ स्तंभावरचे असेल तर मात्र सगळे चित्र बदलते, कारण एफ६ वर आलेले प्यादे जी७ वरच्या राजाला शह देते आणि त्याला जायला चांगले घरच उरत नाही. त्याने प्यादे मारले तर एफ८ वरून हत्तीचा शह बसतो आणि मग ए प्याद्याचा वजीर होतो, ज्यासाठी काळ्याला हत्ती द्यावा लागतो. तो एफ७ वर गेला तर वर सांगितलेली एच८ ची युक्ती आहे. तो एच७ वर गेला तर प्यादे एफ७ वर येते, आणि पुढच्या चालीला एफ८ वर त्याचा वजीर होतो, ज्याला ए८ वरच्या हत्तीचा आधार असतो.

म्हणून पन्नासाव्या चालीला आपल्यासमोर राजाची सुरक्षितता आणि एफ प्यादे यांपैकी एक निवडण्याचा प्रश्न होता. आपण राजाची सुरक्षितता निवडलीत. चार मिनिटांत मीही कदाचित तीच निवडली असती, पण ती निवड चुकीची होती हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

शहांच्या सरबत्तीची आपल्याला भीती वाटली, म्हणून एक मार्ग देतो. ५०व्या चालीला राजाने मारल्यावर काळा ए४ वरून शह देईल. ५१. प्यादे एफ४ वर आणून शह अडवावा, समजा काळा हत्ती ए१ वर गेला. ५२. प्यादे एफ५. हत्तीचा ए४ वरून शह. ५३. राजा एफ३. ए३ वरून शह. ५४. राजा ई४. ए४ वरून शह. ५५. राजा डी५. ए५ वरून शह. ५६. राजा सी६. ए६ वरून शह. ५७. राजा बी५, आणि आता हत्तीवरच हल्ला आहे. शह संपले. हत्ती ए१ वर गेला की ५८. प्यादे एफ६ शह, आणि वर सांगितलेले तीनही मार्ग काळ्यासाठी बंद आहेत. राजा शहांना घाबरून मागे पळत नाही, उलट त्या शहांच्या दिशेनेच चालत जातो, हे या मार्गात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पंच, विश्रामबाग

मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करतो, त्यामुळे आपल्या तिसऱ्या प्रश्नापुरतेच लिहितो.

तीनदा तीच स्थिती आल्याचा दावा करण्यासाठी त्या स्थिती लागोपाठ येणे आवश्यक नाही. हा गैरसमज फार जुना आहे आणि चांगल्या खेळाडूंमध्येही आढळतो. लोक "तीच चाल तीनदा" असे म्हणतात, पण नियम चालीबद्दल नाही, स्थितीबद्दल आहे. प्रत्येक घरावर त्याच रंगाची तीच मोहरी असली पाहिजेत, चाल त्याच खेळाडूची असली पाहिजे, आणि उपलब्ध चालीही त्याच असल्या पाहिजेत, म्हणजे किल्लेकोटाचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क किंवा जाता जाता प्यादे मारण्याची संधी यांत फरक पडलेला नसावा. या अटी पूर्ण होत असतील तर पहिली वेळ अठ्ठावन्नाव्या चालीला, दुसरी एकसष्टाव्या आणि तिसरी पासष्टाव्या चालीला आली तरी दावा वैध ठरतो. आपल्या डावात शेवटची प्याद्याची चाल चौपन्नावी होती. प्यादे परत मागे येत नाही, त्यामुळे त्याच्या आधीच्या स्थिती मोजण्याचा प्रश्नच नव्हता, पण नंतरच्या सर्व मोजता येत होत्या.

आपल्या प्रतिस्पर्ध्यांनी दावा करण्याची जी पद्धत वापरली ती अचूक आहे. आपल्या चालीमुळे ती स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल आधी पटावर करायची नसते. ती नोंदपत्रकावर लिहायची, पंचांना सांगायचे की मी ही चाल करणार आहे आणि तिच्यामुळे स्थिती तिसऱ्यांदा येत आहे. लिहिलेली चाल नंतर बदलता येत नाही. अनेक खेळाडू चाल करून, घड्याळ दाबून मग हात वर करतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो, कारण आता चाल प्रतिस्पर्ध्याची असते आणि दाव्याचा हक्क ज्याची चाल आहे त्याचाच असतो. त्याचप्रमाणे एखाद्या मोहऱ्याला चालीच्या हेतूने हात लावला की त्या चालीपुरता दाव्याचा हक्क जातो. मागच्या वर्षी एका लहान मुलीचा अर्धा गुण केवळ या कारणाने गेलेला मी पाहिला. तिची मोजणी बरोबर होती, फक्त हात आधी हत्तीकडे गेला होता.

दावा चुकीचा निघाला तर प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत दोन मिनिटांची भर घातली जाते आणि डाव पुढे चालू राहतो. म्हणून नोंदपत्रक नीट लिहिलेले असणे फार महत्त्वाचे आहे. तुमच्या स्पर्धेत दर चालीला ३० सेकंदांची भर होती, त्यामुळे वेळ कितीही कमी उरली तरी शेवटपर्यंत चाली लिहिणे दोघांवर बंधनकारक होते. त्याचाच इथे उपयोग झाला.

एक पूरक माहिती देतो. तीनदा आलेल्या स्थितीसाठी खेळाडूने स्वतः दावा करावा लागतो. पण तीच स्थिती पाच वेळा आली, किंवा प्रत्येकाच्या सलग ७५ चालींत एकही प्यादे हलले नाही आणि काहीही मारले गेले नाही, तर कोणी मागणी केली नाही तरी डाव बरोबरीत संपतो. ही तरतूद २०१४ साली नियमांत आली. पन्नास चालींचा नियम मात्र अजूनही दाव्यावरच चालतो.

आपण निर्णय शांतपणे मान्य केलात हे वाचून बरे वाटले.

घोड्याची अडीच घरे, मिरज

"सातवी ओळ" यांच्या विश्लेषणाशी मी बहुतांश सहमत आहे. मी मुलांना शिकवतो, त्यामुळे त्यात एक मुद्दा जोडावासा वाटतो आणि एका ठिकाणी थोडा मतभेदही नोंदवावासा वाटतो.

मला मूळ घाई त्याआधीच झालेली दिसते, म्हणजे प्यादे ए६ वरून ए७ वर ढकलले तेव्हा. प्यादे ए६ वर असताना ए७ हे घर राजासाठी मोकळे असते. पांढरा राजा तिथे पोहोचला की मागून येणाऱ्या शहांपासून तो प्याद्याच्या आडोशाला लपतो, आणि मग काळ्या हत्तीचे मागे बसून राहणे पुरेसे ठरत नाही. अशा वेळी काळ्याला वेगळीच पद्धत वापरावी लागते. हत्ती सहाव्या ओळीवर बाजूला, उदाहरणार्थ एफ६ वर आणून ए६ वरच्या प्याद्यावर आडवा हल्ला ठेवायचा आणि पांढरा राजा प्याद्याला आधार द्यायला जवळ आला की बाजूने शह देत राहायचे. ही युक्ती चेक रचनाकार योसेफ वान्चुरा यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांची ती रचना त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाली. क्लब पातळीवरच्या किती खेळाडूंना ती घड्याळ चालू असताना सापडते? माझ्या अनुभवात फार थोड्यांना. प्यादे ए७ वर गेले की मात्र प्रतिस्पर्ध्याला काहीच शोधावे लागत नाही, हत्ती मागे ठेवायचा आणि राजा जी७ वर ठेवायचा, एवढेच त्याचे काम उरते. म्हणून मी मुलांना सांगतो की ए७ ची चाल खिशात ठेवा, ती कधीही करता येते, पण परत घेता येत नाही.

प्रश्नकर्त्यांना एक विनंती आहे. पन्नासाव्या चालीपूर्वीची स्थिती पटावर मांडून दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पाच वेळा खेळून पाहा, संगणकाचे मूल्यमापन न पाहता. संगणक आपल्याला आकडा देतो, पण काळा राजा एफ७ वर गेल्यावर हत्ती एच८ वर का जातो हे हाताने खेळल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

सातवी ओळ, सांगली

मतभेदाचे स्वागत आहे, पण या विशिष्ट डावात ए७ च्या चालीला मी घाई म्हणणार नाही. एफ६ च्या शहामागची सगळी ताकद प्यादे ए७ वर असण्यातूनच येते. प्यादे ए६ वर असते आणि काळ्या राजाने एफ६ वरचे प्यादे मारले असते, तर एफ८ वरून शह दिल्यावर काळा हत्ती सरळ ए६ वरचे प्यादे मारून मोकळा झाला असता, कारण वजीर होण्यास आणखी दोन घरे बाकी होती. शिवाय प्यादे ए७ वर गेल्यामुळेच काळा राजा दोन घरांत कोंडला गेला. म्हणजे एफ प्यादे हाताशी असेपर्यंत ए७ ही योग्य योजनाच होती. योजनेचा पहिला भाग बरोबर करून दुसऱ्या भागाचे साधन पन्नासाव्या चालीला हातचे गेले, असे मी म्हणेन. एफ प्यादे नसते तर मात्र आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी पट मांडून आपण सांगितलेला मार्ग खेळून पाहिला, आणि राजा बी५ वर पोहोचल्यावर काळ्याचे शह एकदम संपतात हे पाहून थक्क झालो. रविवारी त्या राजाला मी एच३ वरून हलवायला तयार नव्हतो.

एक अडचण मात्र आली. त्रेपन्नाव्या चालीला राजा एफ३ ऐवजी पुढे जी५ वर नेला, कारण मला वाटले की प्याद्याच्या शेजारी राहून एफ६ लवकर करता येईल. पण काळा हत्ती ए५ वर आला आणि माझे एफ५ वरचे प्यादे जखडले गेले. ते हलवले तर राजालाच शह बसतो. म्हणजे विजय निसटला का?

नियमाबद्दलची माझी समजूत चुकीची होती, हे मान्य करतो. आमच्या घरी आजोबा देशी पद्धतीने खेळत, त्यात एकटा राजा उरला की "बुर्जी" झाली म्हणून डाव सोडवीत. तीनदा स्थिती येण्याचा नियम मी स्पर्धांमध्ये इतरांचे पाहून शिकलो, नियमावली वाचून नाही. ती आता वाचायला घेतली आहे.

तंबोरा, मिरज

मी इथे सहसा लिहीत नाही, पण मुलाने ही चर्चा दाखवली आणि पहिल्याच परिच्छेदात मला माझा डाव ओळखू आला. त्या दिवशी काळी मोहरी माझी होती.

आपल्या ताज्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जी५ वर राजा नेल्याने विजय निसटत नाही, फक्त लांबतो. राजा आणि प्यादे एकाच ओळीवर, आणि हत्ती त्याच ओळीवर बाजूला, अशी रचना झाली की प्यादे जखडले जाते. म्हणून राजाने ती ओळ सोडली पाहिजे. जी४ वर मागे आलात तर मी ए४ वरून पुन्हा शह देईन आणि आपण फिरून तिथेच येऊ. पण एफ४ वर आलात तर एफ६ चा धाक उभा राहतो, मला ए४ वरून शह द्यावाच लागतो, आणि मग आपला राजा ई५ वरून पुढे वजिराच्या बाजूला सरकतो. "सातवी ओळ" यांनी सांगितलेल्या वाटेलाच आपण लागता, चार-दोन चाली उशिरा.

आता त्या पन्नासाव्या चालीबद्दल सांगतो. जी४ वरचे प्यादे मी मारले तेव्हा माझ्या घड्याळात अकरा मिनिटे होती आणि मी ती जवळजवळ सगळी तिथेच खर्च करायला तयार होतो, कारण आपण राजाने मारले तर मला करण्यासारखे काही नाही हे मला दिसत होते. हे काही मी पटावर शोधले नाही. फार वर्षांपूर्वी कोल्हापूरला एका डावात मी याच रचनेत काळ्या बाजूने बसलो होतो, समोरच्याने एफ प्यादे ठेवले आणि एफ६ वर आणून मला शह दिला. मी राजा एफ७ वर नेला आणि त्याने हत्ती एच८ वर ठेवला. ती चाल मला कळायलाही काही क्षण लागले. तेव्हापासून जी आणि एच प्याद्याला घाबरायचे नाही आणि एफ प्याद्याला घाबरायचे, हे पक्के लक्षात राहिले. आपला हात राजाकडे जाऊन थबकला आणि मग प्याद्याकडे वळला. मी त्या वेळी पटाकडेच पाहत राहिलो, कारण चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नव्हते.

लोक आपल्याला डाव सोडलास म्हणाले, हे वाचून वाईट वाटले. आपण पन्नासाव्या चालीनंतर जे पंधरा प्रयत्न केलेत ते करायलाच हवे होते. साठाव्या चालीच्या आसपास आपला राजा सी६ वर असताना मी राजा जी६ वर नेण्याच्या बेतात होतो, केवळ प्रत्येक वेळी हत्तीच हलवण्याचा कंटाळा आला म्हणून. नेला असता तर आपण जी८ वरून शह देऊन जिंकला असता. बरोबरीच्या स्थितीतही बचाव करणाऱ्याला प्रत्येक चाल मोजावी लागते. मी तरुण असताना, १९८४ आणि ८५ साली, कारपोव्ह आणि कास्पारोव्ह यांच्या सामन्याचे डाव वर्तमानपत्रातून कापून ठेवत असे. त्यातल्या ४८ डावांपैकी ४० बरोबरीत सुटले. पुष्कळ लोक कंटाळून ते वाचेनासे झाले, पण बचाव कसा करायचा हे मी त्या कात्रणांतून शिकलो.

घोड्याच्या अडीच घरांनी सुचवल्याप्रमाणे आपण ती स्थिती दोन्ही बाजूंनी खेळायची ठरवली असेल तर मी काळ्या बाजूने बसायला तयार आहे. येत्या गुरुवारी दुपारी सांगलीला कामासाठी येणार आहे. पट आणि घड्याळ मी आणतो. पहिल्या डावात आपण राजाने मारा, दुसऱ्यात प्याद्याने, आणि तिसऱ्यात बाजू बदलू, म्हणजे कोल्हापूरचा तो एफ६ चा शह मलाही एकदा पांढऱ्या बाजूने देता येईल.

कृष्णाकाठ, सांगली

काका, आपण स्वतः लिहिलेत हे वाचून फार आनंद झाला. साठाव्या चालीच्या वेळी आपण राजाकडे हात नेला होता हे मला आठवते, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. गुरुवारी चार वाजता मी गणपती मंदिराच्या बाजूला वाट पाहीन. नोंदपत्रके मी आणतो, आणि यावेळी प्रत्येक चाल लिहिण्यापूर्वी एफ प्यादे कुठे आहे ते पाहीन.